सात दिवसांची अंगठी

त्याची आई शेजारपाजारी सांगायची की आमचा मुलगा यंत्रं तपासतो, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं हा कुठल्यातरी कारखान्यात मोठा साहेब असणार. प्रत्यक्षात कंपन्या त्याला घड्याळं, हेडफोन, चार्जर, कानात घालायच्या बोंड्या असं काय काय सात दिवसांसाठी पाठवायच्या, आणि तो दर गुरुवारी वर्तमानपत्रात ‘हाताळून पाहिलं’ या नावाचं सदर लिहायचा. सातव्या दिवशी वस्तू होती तशी खोक्यात घालून परत जायची. त्यामुळे बारा वर्षं सदर चालवूनही त्याच्या स्वतःच्या फोनची काच तडकलेली होती आणि घरातल्या घड्याळाला रोज चावी द्यावी लागायची.

आता सदराचं नाव ‘हाताळून पाहिलं’ असलं तरी तो हाताळायचा कितपत, हा प्रश्न कुणी विचारू नये. पोहणाऱ्यांचे हेडफोन त्याने बादलीत हात घालून तपासले होते, कारण त्याला पोहता येत नव्हतं. पळणाऱ्यांचं घड्याळ आईच्या मनगटाला बांधून तिला भाजी आणायला पिटाळलं होतं, आणि आईच्या त्या दोन फेऱ्यांवर ‘लांब पल्ल्याच्या धावपटूंसाठी’ असा नऊशे शब्दांचा लेख ठोकून दिला होता. लेख वाचकांना फार आवडला. आईलाही आवडला, फक्त तिचं म्हणणं होतं की चढावर घड्याळ टोचतं हे त्याने लिहायला हवं होतं.

त्याची बायको रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती. तिच्या कामात अंदाजपंचे काही चालत नाही. नळीवर चुकीची चिठ्ठी लागली तर एकाचा आजार दुसऱ्याच्या नावावर जातो, त्यामुळे ती प्रत्येक गोष्ट दोनदा बघायची. नवऱ्याला ती लाडाने आणि अर्धं रागाने ‘तज्ज्ञ’ म्हणायची. ‘तज्ज्ञ, दूध उतू चाललंय,’ अशा थाटात.

तर त्या महिन्यात एका कंपनीने अंगठी पाठवायचं ठरवलं. साधीसुधी नव्हे. बोटात घातली की नाडी मोजते, झोप मोजते, मनावरचा ताण मोजते आणि सगळा हिशेब फोनवर कळवते. देशात असा एकच नग आला होता आणि त्याच्यानंतर मंगळवारी तो दुसऱ्या शहरातल्या परीक्षकाकडे जायचा होता. संपादकबाईंनी बजावलं होतं, वस्तूवर ओरखडासुद्धा येता कामा नये, पुढच्या वर्षी याच कंपनीच्या मोठ्या प्रदर्शनाला तुला पाठवायचं माझ्या मनात आहे. त्याने तसा कागदही सही करून दिला होता.

अंगठीच्या आधी आठवडाभर एक पाकीट आलं. त्यात वेगवेगळ्या मापांची प्लास्टिकची कडी होती आणि सोबत सूचना होती की योग्य वाटेल ते कडं पूर्ण एक दिवस आणि एक रात्र तर्जनीत घालून बघा, कारण बोट दिवसभरात कमीजास्त फुगतं. त्याने एक कडं सकाळी थंडगार ऑफिसात दोन मिनिटं घातलं, काढलं, आणि माप कळवून टाकलं. वर आपल्या लेखात लिहिलं की हा मापाचा खटाटोप म्हणजे कंपनीचा अतिउत्साह आहे.

हो, लेख अंगठी यायच्या आधीच अर्धा लिहून झाला होता. ही त्याची कामाची पद्धत. कंपनीचं माहितीपत्रक वाचायचं, मजकूर तयार ठेवायचा, आणि वस्तू आली की दोन-तीन विशेषणं इकडची तिकडे करायची. लेखाचं पहिलं वाक्य तर त्याला आंघोळ करताना सुचलं होतं आणि तो त्यावर बेहद्द खूश होता: ‘या अंगठीची सर्वांत मोठी खुबी म्हणजे ती घातली आहे हे विसरायला होतं.’

बुधवारी सकाळी अंगठी आली. काळीभोर, गुळगुळीत, वजनाला काहीच नाही. तर्जनीत जाईना, करंगळीत गरगर फिरे. मग त्याला फोटोची एक कल्पना सुचली. त्याच्या अनामिकेत सोन्याची एक साधी अंगठी होती, लग्नाच्या आधी बायकोने पहिल्या पगारातून केलेली. सोळा वर्षं ती तिथेच होती, आणि बोट जरा भरल्यापासून निघतही नव्हती. तिच्या पुढे, त्याच बोटात ही नवी काळी घालायची आणि फोटोखाली लिहायचं: जुनं आणि नवं. काळी अंगठी पेराच्या सांध्याशी थोडी अडली, त्याने जरा दाबली, आणि ती पलीकडे गेली. फोटो झकास आला. संपादकबाईंचा लगेच निरोप आला, वा. त्याने लेख पाठवला आणि त्या आनंदात दोन कप चहा घेतला.

संध्याकाळी बायको घरी आली तेव्हा तो हात पाठीमागे लपवून उभा होता.

‘दाखव,’ ती म्हणाली.

‘काय?’

‘जे लपवतोयस ते.’

बोट वांग्यासारखं झालं होतं. दोन्ही अंगठ्या एकमेकींना चिकटून आत रुतल्या होत्या. तिने त्याचं नख दाबलं आणि सोडलं, आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते बघितलं. मग तिने त्याला पलंगावर आडवं करून हात वर धरायला लावला, वर बर्फाची पिशवी दिली. आई साबण घेऊन आली, मग तेल, मग भांड्यांचा साबण. तिघांनी मिळून त्या बोटाशी इतकी झटापट केली की ताण मोजणारी अंगठी खवळली आणि फोनवर निरोप आला: ‘तुमचा ताण नेहमीपेक्षा जास्त आहे. दीर्घ श्वास घ्या.’

‘तिला सांग, तू निघ म्हणजे घेतो,’ आई म्हणाली.

जेवणापर्यंत त्याचा हात वरच होता. तो मधूनमधून हलवत होता, कारण मुंग्या येत होत्या. अंगठीने त्या हलवण्याची पावलं मोजली आणि आजचं चालण्याचं लक्ष्य पूर्ण केल्याबद्दल त्याचं अभिनंदन केलं. त्याने ते मुकाट्याने वाचलं. बारा वर्षांत पहिल्यांदाच एखादी वस्तू तो खरोखर वापरत होता, तिला सोडून कुठे जायची सोयच नव्हती.

रात्रीत सूज थोडी उतरली, पण अंगठ्या हलल्या नाहीत. गुरुवारी सकाळी वर्तमानपत्र आलं. पहिल्याच पानावर कोपऱ्यात त्याच्या बोटाचा फोटो आणि आत मोठ्या अक्षरांत ते वाक्य. आईने ते मोठ्याने वाचून दाखवलं, ‘घातली आहे हे विसरायला होतं,’ आणि मग चष्म्यावरून त्याच्या बोटाकडे बघितलं. त्याला धरणी दुभंगावी असं झालं.

‘आज मी उशिरा जाते कामाला,’ बायको म्हणाली. ‘बोट निळं पडायला लागलंय. चल सोनाराकडे.’

सोनाराचं दुकान म्हणजे बाजाराच्या मागच्या गल्लीतली एक खोली. पुढे काचेचं कपाट, मागे त्याचं बाक, बाकावर चिमटे, कानस, दिवा. सोनार वयस्क माणूस होता, एका डोळ्याला भिंग लावलेलं. त्याने बोट बघितलं, जीभ टाळ्याला लावून चक केलं, आणि रेशमी दोरा काढला. बोटाला टोकापासून दोरा घट्ट गुंडाळायचा, सूज दाबायची आणि मागून दोरा उलगडत अंगठी पुढे सरकवायची, अशी त्याची रीत. दोनदा करून बघितलं. पण दोन अंगठ्या एकमेकींत अडकून बसल्या होत्या. दोरा मधून जाईना.

‘साहेब, एक कापावी लागणार,’ सोनार म्हणाला. ‘एक गेली की दुसरीला जागा होते, ती मग दोऱ्याने निघेल. सोन्याची कापायची तर एक मिनिटाचं काम. नंतर सांधून देतो, सांधा तुम्हाला शोधून सापडणार नाही. ही काळी कापायची तर चाक लावावं लागेल, पाणी सोडत सोडत. धातू कडक दिसतो. आत काय आहे हिच्या?’

‘बॅटरी,’ तो म्हणाला.

सोनाराने हात मागे घेतला.

आणि इथे आपल्या तज्ज्ञाच्या डोक्यात जे चाललं होतं ते सांगायला त्यालाच लाज वाटेल, पण सांगितलंच पाहिजे. त्याच्या डोक्यात मंगळवार होता. देशातला एकुलता एक नग होता, सही केलेला कागद होता, संपादकबाई होत्या, प्रदर्शन होतं. सोन्याची अंगठी काय, सांधता येते. माणूसच म्हणतोय, शोधून सापडणार नाही. त्याने घसा साफ केला.

‘तसं पाहिलं तर,’ तो म्हणाला, ‘सोनं सांधता येतं.’

‘हो. येतं,’ बायको म्हणाली.

तिचा आवाज अगदी सरळ होता, लॅबमध्ये ‘मूठ आवळा’ म्हणायचा तसा. तो सोळा वर्षं तिचा नवरा होता, त्याला त्या सरळपणाचा अर्थ कळायला हवा होता. कळला, पण अर्धाच. आपण काहीतरी गमावतो आहोत एवढं जाणवलं, नेमकं काय ते उमगेना. सोनाराने छोटी करवत उचलली.

‘थांबा जरा,’ बायको सोनाराला म्हणाली. मग त्याच्याकडे वळून, ‘कापायच्या आधी एक सांग. आत काय कोरलंय, आठवतं का तुला?’

त्याला एका फोनची जाडी दशांश मिलिमीटरपर्यंत पाठ होती. अकरा कंपन्यांच्या चार्जरचे आकडे तो झोपेत सांगू शकला असता. पण अंगठीच्या आत काय कोरलंय, याची त्याच्या डोक्यात एक रेघ नव्हती. साधं ‘आठवत नाही’ म्हणायचं होतं. पण बारा वर्षं न बघितलेल्या गोष्टींबद्दल ठामपणे लिहिण्याची जिभेला सवय लागलेली.

‘म्हणजे काय,’ तो म्हणाला. ‘तुझ्या नावाचं पहिलं अक्षर आणि लग्नाची तारीख. बारीक, किंचित तिरक्या अक्षरांत. अक्षर जरा खोल गेलंय, तारीख उथळ आहे.’

‘बरं,’ बायको म्हणाली.

आता गंमत बघा. थाप मारून झाली आणि ती त्याला इतकी पटली की ती बारीक तिरकी अक्षरं त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहिली. जरा खोल गेलेलं ते अक्षर, तिने उभं राहून कोरून घेतलेलं, सोळा वर्षं त्याच्या कातडीला टेकलेलं. आणि त्यावर हा बाबा करवत चालवणार. त्याचा जीव कासावीस झाला. हे त्याचं नाटक नव्हतं, त्याला खरंच भरून आलं. आपण एका सात दिवसांच्या वस्तूसाठी हे कापायला निघालो होतो, असं मनात आलं आणि त्याला स्वतःचीच किळस आली.

‘नको,’ तो सोनाराला म्हणाला. ‘ती काळी कापा.’

‘बॅटरी आहे म्हणालात.’

‘असू दे. कापा.’

बायकोने त्याच्याकडे क्षणभर बघितलं. मग पर्समधून अंगठीबरोबर आलेली सूचनांची पुस्तिका काढली. निघताना तिने ती खोक्यातून उचलली होती. तो वाचणार नाही हे तिला ठाऊक होतं. दुसऱ्याच पानावर ठळक अक्षरांत होतं: त्याच बोटात दुसरी अंगठी घालू नये. आणि तिसऱ्या पानावर चित्र होतं, बोट सुजून अंगठी अडकल्यास ती कुठे कापावी याचं. बॅटरी एका बाजूला, कापायची रेघ बरोबर समोर.

‘हे कधी वाचलंस तू?’ त्याने विचारलं.

‘तू हात वर करून झोपला होतास तेव्हा.’

सोनाराने चित्र भिंगातून नीट बघितलं, दोनदा, आणि बायकोकडे बघून मान डोलावली. आपल्याला समजणारं माणूस भेटलं असं त्याला वाटलं असावं. मग त्याने पत्र्याची पातळ पट्टी अंगठी आणि बोट यांच्यामध्ये सरकवली, चाक लावलं, आणि बायको बाटलीतून थेंब थेंब पाणी सोडू लागली. चाकाचा आवाज दाढ कोरताना येतो तसा. बोट तापू लागलं की सोनार थांबे, बायको पाणी सोडी, मग पुन्हा चालू. तज्ज्ञाने डोळे मिटून घेतले होते. खिशातल्या फोनने थरथरून कळवलं की तुम्ही व्यायाम सुरू केलेला दिसतो, नोंद करू का.

नऊ मिनिटांनी टक् आवाज झाला. सोनाराने दोन चिमट्यांनी अंगठी फाकवली आणि देशातला एकुलता एक नग बाकावर पडला. खिशात फोन पुन्हा थरथरला, पण बघायला कुणाला वेळ नव्हता.

‘आता सोन्याची काढून घेऊ,’ सोनार म्हणाला. ‘बोटाला आराम पाहिजे. सूज उतरेस्तोवर घालू नका.’ दोरा गुंडाळला, मागचं टोक हळूहळू उलगडलं, आणि सोळा वर्षांनी ती अंगठी सांध्यावरून पुढे आली. बोटावर पांढरी, मऊ, खोलगट वळी राहिली.

सोनाराने अंगठी कापडाने पुसली. ‘कोरलेलं साफ करून देतो,’ म्हणून भिंगापाशी नेली, फिरवली, पुन्हा फिरवली.

‘साहेब, आत तर काहीच नाही. नुसता सोन्याचा शिक्का आहे.’

बाहेर कुणीतरी शटर वर ओढलं. तज्ज्ञाच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं, आणि ते मोजायला आता कुणी उरलं नव्हतं.

‘कोरायला आठवडा लागेल म्हणाला होता तेव्हाचा सोनार,’ बायको म्हणाली. ती त्याच्याशी बोलत होती, पण बघत होती अंगठीकडे. ‘मला तेवढं थांबवेना. पगार सकाळी हातात आला आणि अंगठी संध्याकाळी तुझ्या बोटात घातली. कोरीच.’

खोटं बोललो म्हणावं, तर ते सगळ्यांना दिसतच होतं. विसरलो म्हणावं, तर विसरायला आधी ठाऊक असावं लागतं. सोळा वर्षांत त्याने ती एकदाही काढून आत बघितलं नव्हतं. सात दिवसांसाठी आलेल्या वस्तूंची खोकी मात्र त्याने सगळ्या बाजूंनी बघितली होती, तळाची बाजूसुद्धा.

‘तुला माहीत होतं मी थाप मारणार,’ तो शेवटी म्हणाला.

‘माहीत होतं. तू आज कोणती थाप मारतोस ते बघायचं होतं.’ तिने अंगठी सोनाराच्या हातातून घेतली. ‘बरी मारलीस. तिरकी अक्षरं वगैरे. ऐकता ऐकता मलाच वाटलं की असेल बाई.’

तिला हसू आलं होतं, पण डोळे भरलेले होते आणि ते लपवायचा तिने काही प्रयत्न केला नाही. मग तिने अंगठी स्वतःच्या अंगठ्यात घातली, हात लांब धरून बघितला, आणि म्हणाली, ‘सूज उतरेपर्यंत ही माझ्याकडे. सात दिवस वापरून बघते, मग सांगते.’

त्या सात दिवसांत त्याने दोन कामं केली. संपादकबाईंना फोन करून सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, प्रदर्शनाचं विसर आणि हे सगळं असंच्या असं लिहून दे. त्याने लिहिलं. बादली लिहिली, आईचं घड्याळ लिहिलं, चढावर टोचतं तेही लिहिलं. दुसरं काम म्हणजे तो सारखा बायकोच्या अंगठ्याकडे बघत राहिला. ती लॅबला जाताना अंगठी काढून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवायची, घरी आली की घालायची. भांडी घासताना ती मोरीच्या कट्ट्यावर असायची, टीव्ही बघताना ती तिच्या हातात फिरत असायची. बायको मात्र निकाल काही सांगत नव्हती. एखाद्या कंपनीचा माणूस आपल्या लेखाची वाट बघताना कसा झुरत असेल, हे त्याला आता कळत होतं. त्याने निदान तीनशे कंपन्यांना असं झुरवलं होतं.

आठव्या दिवशी, गुरुवारीच, सकाळी चहाच्या कपाखाली एक चिठ्ठी होती. लॅबमधल्या चिठ्ठीच्या मागच्या बाजूला, तिच्या गोल अक्षरांत, त्याच्याच सदराच्या तीन मथळ्यांखाली.

‘जमलं: टिकाऊ. सोळा वर्षांत चार्ज करावी लागली नाही. फसलं: घातली आहे हे विसरायला होतं. घ्यावी का: आपण घेतली होती तेव्हा विचार केला नव्हता, आताही करू नये.’

चिठ्ठीवर अंगठी होती. त्याने ती उचलली, भिंग नव्हतं म्हणून चष्मा काढून डोळ्यांजवळ नेली, आणि आतली बाजू सगळीकडून फिरवून बघितली. गुळगुळीत होती. एका जागी शिक्का, आणि त्याच्या शेजारी एक बारीक ओरखडा, तो त्या दिवशी सोनाराच्या पत्र्याच्या पट्टीने पडलेला. मग त्याने ती बोटात घातली. सांध्याशी थोडी अडली आणि गेली.

बायको दारात चपला घालत होती.

‘आज संध्याकाळी सोनाराकडे जाऊ या का?’ त्याने विचारलं. ‘आत कोरून घेऊ. तू सांगशील ते.’

तिने पर्स खांद्याला लावली आणि विचार केल्यासारखं केलं.

‘नको. कोरीच राहू दे,’ ती म्हणाली. ‘दर वर्षी काढून आत बघत जा म्हणजे झालं.’

तिचा जिन्यावरून उतरण्याचा आवाज येत होता तोवर तो अंगठी बोटात फिरवत उभा राहिला. आत आईने नवं वर्तमानपत्र उघडलं होतं आणि स्वतःबद्दलचं वाक्य शोधून काढून ती ते मोठ्याने वाचत होती.